तासांच्या हिशेबात न मावणारं वय

अलास्कात विमान आमच्या शेडमध्ये येतं ते लॉगबुक घेऊनच. इंजिन किती तास चाललं, कुठला भाग कधी बदलला, सगळं तारीखवार लिहिलेलं असतं. पण ते किती वेळा आणि कशावर उतरलं, याची नोंद बहुधा नसते. चाकांच्या पायांना तर तासांशी काही देणंघेणं नाही. ते झिजतात उतरण्याने. अँकरेजच्या मेरिल फील्डवर तासाभरात एकदा डांबरावर टेकलेलं विमान आणि तेवढ्याच वेळात क्निक नदीच्या गोट्यांवर चार-पाचदा आदळलेलं विमान, दोघांच्या वहीत तास एकच.

धातूचा थकवा नीट समजला तो १९व्या शतकात, रेल्वेमुळे. एका झटक्यात पोलाद मोडायला जेवढा भार लागतो, त्याहून बराच कमी भार पुन्हा पुन्हा पडला तरी ते मोडतं, हे आउगुस्ट व्योलर या जर्मन अभियंत्याने रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून दाखवलं. ताण एका मर्यादेखाली राहिला तर पोलाद जवळजवळ कायम टिकतं. ॲल्युमिनियमला तेवढीही सवलत नाही. पण पोलादाची ही सवलत स्वच्छ, गुळगुळीत पृष्ठभागापुरतीच. एखादा ओरखडा किंवा गंजाचा खळगा पडला की ताण तिथे एकवटतो.

सेस्ना १८५ या विमानाचा पाय म्हणजे स्प्रिंग स्टीलची वाकवलेली पट्टी. धक्का झेलायला त्यात ना तेल, ना गॅस; विमान टेकलं की पट्टीच फाकते आणि तिची खालची बाजू ताणली जाते. म्हणून कारखान्यात तिच्यावर बारीक छऱ्यांचा मारा करतात. त्याने पृष्ठभाग कायम दाबाखाली राहतो आणि चिरेला तोंड उघडणं अवघड जातं. हे कवच फार पातळ असतं. ब्रेकची नळी धरणाऱ्या क्लिपखाली चिखल आणि ओल साचते, म्हणून मी आधी ती क्लिप काढतो. जागा पुसतो, टॉर्च तिरपी धरतो, भिंग लावतो, नख फिरवतो. नवा पोरगा गंज दिसला की लगेच कानस उचलतो. मी त्याचा हात धरतो. कानशीने गंजाबरोबर कवचही जातं. ॲसिड तर लावायचंच नाही. त्यातला हायड्रोजन कडक पोलादात शिरून ते ठिसूळ करतो.

सुपर कब या विमानाचे पाय वेल्डिंग केलेल्या क्रोमोली पोलादाच्या नळ्यांचे. त्यांना इथे ३१ इंची मऊ टायर बसवतात, हिवाळ्यात स्की. टायर दगड गिळतात, पण त्यांच्या जादा वजनाचा हिसका शेवटी सांध्यालाच बसतो. वेल्डच्या कडेला रंगावर केसाएवढी रेघ आणि तिच्यातून तांबूस डाग ओघळलेला दिसला, की पाय उतरवायचा. रंग काढून तो चुंबकित करायचा आणि चमकणारे लोहकण मिसळलेलं पातळ तेल सोडायचं. कण चिरेवर गोळा होतात आणि अंधारात अतिनील दिवा धरला की पिवळसर हिरवी रेघ उजळते. चुंबकक्षेत्राच्या दिशेने धावणारी चीर मात्र लपून राहते, म्हणून दोन दिशांनी चुंबकन करायचं.

मोडलेला पाय हातात घेतला की सगळी हकिकत कळते. तुटलेल्या पृष्ठभागावर एका बिंदूपासून पसरत गेलेल्या कमानी, भरती ओसरताना वाळूवर राहणाऱ्या रेघांसारख्या. आणि शेवटी दाणेदार, खडबडीत भाग, एकदम तुटलेला. पायलट कळवळून सांगतो, आजचं लँडिंग तर अगदी मऊ झालं होतं. तो खरंच बोलत असतो. चीर आधीपासून वाढत होती. आजच्या उतरण्याने उरलेला भाग तोडला, एवढंच.

म्हणून तपासणीला आलेल्या प्रत्येकाला मी विचारतो : कुठे उतरलात, किती भार होता, कधी जोरात आदळलात का? आणि आग्रह धरतो, की लॉगबुकात उतरण्यांसाठी एक रकाना आखा. रोज एक ओळ पुरे. कुठल्या जागी जास्त शोधायचं आणि पाय कधी उतरवायचा, हे ठरवायला मला तिचा इंजिनाच्या तासांहून जास्त उपयोग होतो. त्या पायांवर माणसं उतरणार असतात, बहुतेक वेळा अशा ठिकाणी, जिथे मदत पोचायला दिवस लागतो.