वेध घेणे, वेध लागणे

मुलुंडला आमच्या गच्चीवरून वडिलांनी लहानपणी मला कृत्तिका दाखवल्या होत्या. आज त्याच गच्चीवरून इमारतींच्या फटीत फार तर गुरू-शुक्र दिसतात. बाकीचे आकाश दिव्यांच्या उजेडाने पुसून टाकले आहे. याच उपनगरांत, पवईच्या आयआयटीत, माणसे खोल अंधाराचा अभ्यास करतात, हे मला बरेच दिवस विसंगत वाटत असे.

त्यांची दुर्बीण पवईत नाही. ती लडाखमध्ये हान्ले येथे, सुमारे ४५०० मीटर उंचीवर आहे. पवईची आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय खगोलभौतिकी संस्था यांच्या ‘ग्रोथ-इंडिया’ या ०.७ मीटर व्यासाच्या दुर्बिणीने जून २०१८मध्ये आकाशाकडे पहिल्यांदा पाहिले. ती स्वयंचलित आहे. लक्ष्याकडे वळून छायाचित्रे स्वतःच टिपते. ताऱ्याचा स्फोट कधी काही तासांतच मंदावतो आणि पृथ्वी तर फिरत असते. म्हणून जगभरच्या दुर्बिणींची साखळी हवी: एकीकडे उजाडले, की पश्चिमेकडची दुसरी तेच लक्ष्य पुढे पाहत राहते.

साहित्य शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला प्रश्न पडतो, की या व्यवहारात ‘पाहणारा’ कोण? मराठीत ‘वेध’ या शब्दाला दोन क्रियापदे जोडली जातात. वेधशाळा वेध घेते. वारकऱ्याला पंढरीचे वेध लागतात. पहिले काम यंत्राला सोपवता येते. दुसरे?

ऑगस्ट २०२०मध्ये पवईच्याच दोन विद्यार्थ्यांनी कॅलिफोर्नियातील पालोमार वेधशाळेच्या स्वयंचलित सर्वेक्षणातील प्रतिमा तपासताना ‘२०२० क्यूजी’ हा लघुग्रह ओळखला. मोटारीएवढा तो दगड पृथ्वीपासून सुमारे २९५० किलोमीटरवरून नुकताच निघून गेला होता. तोवरच्या नोंदींत इतक्या जवळून जाऊन सुखरूप निसटलेला दुसरा नव्हता. संगणकाने असंख्य प्रतिमा चाळल्या होत्या, पण उरलेल्यांतली ती रेघ कुणीतरी निरखून पाहावी लागली. दुर्बीण आणि डोळा यांत अर्ध्या पृथ्वीचे अंतर होते, तरी ते पाहणेच होते.

मात्र एक रुखरुख उरते. त्या विद्यार्थ्यांना वेध लागले, ते कुणीतरी कधीतरी आकाश दाखवल्यामुळेच असावेत, असे मला वाटते. माझ्या वर्गातील बहुतेक मुलांनी कृत्तिका पाहिलेल्या नाहीत. हान्लेच्या प्रतिमा त्यांना पडद्यावर दाखवता येतील, आणि दाखवायलाच हव्यात. पण त्याआधी एकदा त्यांना शहराबाहेर, काळोखात न्यायला हवे. वडिलांनी माझ्यासाठी एवढेच केले होते.