सव्वासहा सेंटीमीटर

कॅसेट साठ मिनिटांची होती आणि तिच्यावर आधी आकाशवाणीची 'आपली आवड' भरलेली होती. माझ्या खोलीतल्या मित्राने तिच्यावरच इंग्लंडमधल्या 'नेपाम डेथ' या बँडचा 'स्कम' उतरवून आणला. साल १९९८, पुण्यातल्या सदाशिव पेठेतली आमची भाड्याची खोली. पहिली बाजू विसेक मिनिटांत संपली. शेवटचं गाणं म्हणजे ड्रमचा एक तडाखा, एक किंकाळी, की संपलं. त्या पाठोपाठ टेपच्या उरलेल्या भागातून निवेदिकेचा शांत आवाज आला. फर्माईश पाठवणाऱ्यांची नावं, त्यांची गावं, मग एक भावगीत.

मी फीत मागे घेतली आणि ती किंकाळी पुन्हा लावली. तिच्यात शब्द होते, हे मला मित्राने सांगितलं. फक्त चार, आणि त्यांचा मिळून एक प्रश्न: तू सोसतोस, पण का? गाण्याची लांबी १.३१६ सेकंद. जगातलं सर्वांत छोटं ध्वनिमुद्रित गाणं म्हणून गिनीजने त्याची नोंद केलेली आहे.

ही रेकॉर्ड ज्यांनी केली ती मुलं तेव्हा माझ्याहून लहान होती, हे मला फार उशिरा कळलं. ऑगस्ट १९८६. बर्मिंगहॅमच्या सेली ओक भागातला रिच बिच नावाचा स्टुडिओ. आत तिघे जण: गाणारा आणि बेस वाजवणारा नीक बुलन, गिटारवर जस्टिन ब्रॉडरिक आणि ड्रमवर मिक हॅरिस. तिघांपैकी एकानेही विशी गाठली नव्हती. खर्च सुमारे पन्नास पौंड. दुसऱ्या एका बँडबरोबर निम्मी-निम्मी रेकॉर्ड काढायचा बेत होता. तो बारगळला आणि ती टेप तशीच पडून राहिली.

बँडची सुरुवात त्याआधी पाच वर्षं, कॉव्हेंट्रीजवळच्या मेरिडन या खेड्यात झाली होती. मार्गारेट थॅचर यांच्या सरकारचे ते दिवस. कारखाने बंद पडत होते. १९८४-८५चा खाणकामगारांचा संप वर्षभर चालला आणि मोडला. त्या वयातल्या पोरांना 'क्रास'सारख्या अराजकवादी पंक बँडनी एक शिकवण दिली होती: स्वतः वाजवा, स्वतः छापा, कुणाची परवानगी मागू नका. बर्मिंगहॅममध्ये हे सगळे जमायचे स्पार्कहिलच्या 'द मरमेड' नावाच्या पबमध्ये. स्पार्कहिल म्हणजे आपल्याकडून, विशेषतः पाकिस्तान आणि काश्मीरमधून गेलेल्या लोकांची वस्ती. बर्मिंगहॅमची प्रसिद्ध 'बाल्टी' ही करी त्याच टापूतली. त्या रस्त्यावर एका बाजूला रस्सा उकळत असेल आणि दुसऱ्या बाजूला हा आवाज जन्माला येत असेल, हे चित्र माझ्या मनातून कधी गेलेलं नाही.

आवाजाचं मूळ हॅरिसच्या हातात होतं. पंकचा साधा ठेका त्याने इतका वेगवान केला, की पायातला बास ड्रम आणि हातातला स्नेअर यांचे एकाआड एक पडणारे ठोके वेगळे ऐकूच येईनात, त्यांची सलग थरथर झाली. यालाच 'ब्लास्ट बीट' म्हणतात, आणि या संगीताला 'ग्राइंडकोअर' हे नावही हॅरिसनेच दिलं. त्याआधी अमेरिकेत 'सीज'सारखे बँड या वेगाच्या जवळ पोचले होते, पण नाव आणि घर मिळालं ते इथे.

मग बँड फुटला. ब्रॉडरिक दुसऱ्या बँडमध्ये गेला, बुलनही बाहेर पडला. नॉटिंगहॅमच्या डिग्बी पिअरसनने 'इअरेक रेकॉर्ड्स' ही छोटी कंपनी नुकतीच उभी केली होती. ती पडून राहिलेली टेप त्याच्याकडे गेली. मे १९८७मध्ये दुसरी बाजू ध्वनिमुद्रित झाली तेव्हा गायला कॉव्हेंट्रीचा ली डोरियन होता, गिटारवर बिल स्टीअर आणि बेसवर जिम व्हाइटली. दोन्ही बाजूंवर असलेला माणूस एकच, हॅरिस. पहिल्या बाजूला १२ गाणी विसेक मिनिटांत, तर दुसऱ्या बाजूला १६ गाणी त्याहूनही कमी वेळात. नऊ महिन्यांत त्याने वेग कुठे नेला ते हे आकडेच सांगतात. अनेकांना दुसरी बाजू अधिक प्रिय आहे. मला पहिली. तिच्यात राग अजून विचार करतो आहे, मध्ये थांबतो आहे, जड पावलांनी चालतो आहे, आणि म्हणून तो धावतो तेव्हा अंगावर येतो.

१ जुलै १९८७ रोजी रेकॉर्ड बाहेर आली. मुखपृष्ठ जेफ वॉकरने काढलं होतं, पुढे 'कारकस' या बँडमध्ये गाणारा तोच. वर सुटाबुटातले साहेब, खाली उपाशी माणसं, कवट्या आणि बड्या कंपन्यांची बोधचिन्हं. पहिल्याच गाण्याचं नाव 'मल्टिनॅशनल कॉर्पोरेशन्स'.

आता माझं सांगतो. मी गुहागरकडचा. त्या वर्षांत सुट्टीला घरी गेलं, की बहुराष्ट्रीय कंपनीच्या दाभोळ वीजप्रकल्पाखेरीज दुसरं बोलणं नसे. कुणाची जमीन गेली, खाडीतल्या मासळीचं काय होणार, मोर्चात कोण होतं, पोलिसांनी कुणाला गाडीत घातलं. ओटीवर माणसं हळू आवाजात बोलत. माझी आत्या एकदा म्हणाली, "अरे, ओरडायला पण शिकावं लागतं." पुण्याला परत आल्यावर मी ती कॅसेट लावली आणि मला पहिल्यांदा वाटलं, की हे ओरडणं शिकलेल्यांचं आहे.

शब्द कानांनी कळत नसत. मित्राने कुणाकडून तरी मिळवून ते शंभरपानी वहीत उतरवले होते, निळ्या शाईत, प्रत्येक गाण्याखाली रेघ मारून. आम्ही वही मांडीवर घेऊन ऐकायचो. या गाण्यांतल्या राजकारणाचा अर्धा भाग कानातून येतो आणि अर्धा कागदावरून, हे तेव्हा उमगलं. 'गोलपिठा' हा कवितासंग्रह १९७२ साली आला तेव्हा त्यातले कितीतरी शब्द आपल्याला कळत नाहीत, असं प्रस्तावनेत खुद्द विजय तेंडुलकरांनी लिहिलं होतं. न कळणारं बाजूला न टाकता त्याच्याजवळ बसावं लागतं, तसंच हे.

इंग्लंडमध्ये असं जवळ बसणारा माणूस होता जॉन पील. बीबीसी रेडिओ १ वर रात्री त्याचा कार्यक्रम असे. त्याने ही गाणी देशभर ऐकवली आणि सप्टेंबर १९८७मध्ये बँडला बीबीसीच्या स्टुडिओत बोलावलं. तिथे त्यांनी डझनभर गाणी सहा मिनिटांच्या आत वाजवली. पन्नास पौंडांत सुरू झालेला हा आवाज असा सार्वजनिक नभोवाणीवरून घराघरांत गेला. २०१३ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात त्यांचा कार्यक्रम ठरला होता. आवाजाने जुन्या इमारतीला इजा होईल या भीतीने तो तिथे रद्द झाला. विक्रमाच्या गोष्टी मात्र सगळे सांगतात, चार शब्दांचा प्रश्न कुणी सांगत नाही, आणि याचं मला खरोखर वाईट वाटतं.

१९९९च्या पावसाळ्यात आमच्या टेपरेकॉर्डरने ती फीत गिळली. नेमकी पहिल्या बाजूच्या शेवटी. मित्राने चुरगळलेला भाग कात्रीने कापला, दोन टोकं चिकटपट्टीने जोडली आणि पेन्सिल घालून चक्री फिरवली. तेव्हापासून अकरावं गाणं संपतं आणि थेट निवेदिका गावांची नावं वाचू लागते. उलट्या बाजूचंही एक गाणं मध्येच उडी मारतं. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर सरकते, म्हणजे ते छोटं गाणं सव्वासहा सेंटीमीटरांत बसतं. आम्ही कापलेला तुकडा वीतभर होता. मित्राने तो टाकला नाही. वहीत, त्या चार शब्दांच्या खाली, आडवा चिकटवून ठेवला. वही आता माझ्याकडे आहे. चिकटपट्टी पिवळी पडली आहे, आणि फीत एका टोकाला सुटली आहे.