दवाखाना कुणाचा?

शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात माझ्या नोकरीची बरीच वर्षे गेली. मी विस्तार अधिकारी, तोही शेतीचा. भाताच्या बियाण्याचे विचारा, खोडकिडीचे विचारा, सांगेन. पण पाड्यावर गेलो की पहिला प्रश्न गुरांचाच. "साहेब, गायीची वार पडली नाय, काय करू?" पंचायत समितीचा माणूस म्हणजे गुरांचाही डॉक्टर, असा लोकांचा समज. त्यांचे तरी काय चुकले? शेती आणि गुरे आपल्याकडे एकाच दावणीला.

माळशेजच्या पायथ्याकडच्या एका गावी ग्रामसभेला गेलो होतो. एका ठाकर शेतकऱ्याची गाय वितीस अडून दगावली होती. दवाखान्याला दोन दिवस कुलूप, कारण एकाच डॉक्टरांकडे तीन दवाखान्यांचा कारभार. तो उठून म्हणाला, "दवाखाना कुणाचा तेवढं सांगा. त्याच्याच दारात जाऊन बसतो." सरपंच म्हणाले, सरकारचा. ग्रामसेवक म्हणाले, जिल्हा परिषदेचा. मग सारे माझ्याकडे बघू लागले.

मंडळी, दोघांचेही खरे होते. जनावरांचे रोग आणि पशुवैद्यक हा विषय राज्यघटनेने राज्याकडे दिला. महाराष्ट्राने 1961 साली जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम केला, 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा उभ्या राहिल्या आणि पशुसंवर्धन त्यांच्या कामांच्या यादीत आले. म्हणून खेड्यापाड्यातले बहुतेक दवाखाने जिल्हा परिषदेच्या नावाने उभे राहिले. ग्रामपंचायतीच्या 1958 च्या कायद्यातही गुरांची निगा हे काम लिहिलेले आहे. पुढे 73 व्या घटनादुरुस्तीने अकराव्या अनुसूचीत पशुसंवर्धन घातले.

पण मेख अशी, की जिल्हा परिषदेचे हे कर्तव्य निधी पुरेल तेवढेच. शिवाय डॉक्टर भरायचा राज्याने. इमारत एकाची, डॉक्टर दुसऱ्याचा, आणि रिकाम्या जागेचे ओझे आपल्या गोठ्यावर. मला तर ही वाटणी भावकीतल्या बांधासारखी वाटते.

जागा रिकामी राहिली की मोटारसायकलवरून सुया टोचत फिरणारे येतात. 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने उपचार नोंदणीकृत डॉक्टरनेच करायचे. इतरांना त्याच्या देखरेखीखाली फक्त किरकोळ कामे. तेव्हा सुई टोचू देण्याआधी नोंदणी विचारा, त्यात भीड कसली?

कायदा आपल्याकडूनही काही मागतो. 2009 च्या साथरोग कायद्याप्रमाणे लागणीच्या रोगाचा संशय आला तरी मालकाने गावच्या अधिकाऱ्याला किंवा ग्रामपंचायतीला कळवायचे. 2022 साली लम्पी आला तेव्हा माणसे आजारी वासरू आतल्या खोपटात लपवत. बैल कुणी ओढून नेईल ही धास्ती. म्हसेच्या जत्रेत जोडी घेताना जन्माची पुंजी घातलेली असते, धास्ती वाटणारच. पण लपवलेल्या वासरापायी शेजारचा गोठाही जातो.

त्या ग्रामसभेत शेवटी ठराव झाला: डॉक्टर कोणत्या वारी कुठे, ते फळ्यावर लिहावे, आणि रिकामी जागा भरावी. प्रत पंचायत समितीला, जिल्हा परिषदेला आणि राज्याच्या पशुसंवर्धन खात्यालाही. शहापूर तालुका सबंध आणि मुरबाडची काही गावे अनुसूचित क्षेत्रात. तिथे 1996 च्या पेसा कायद्याने गावच्या योजनांना मंजुरी ग्रामसभेची लागते, हेही त्यात लिहिले. फळा चार महिन्यांनी लागला. जागा मात्र वर्षभर तशीच होती. फिरत्या दवाखान्यासाठी 1962 हा नंबर आहे, तोही मी सांगितला. तेव्हा एक आजी म्हणाल्या, "बाबा, रेंजसाठी आधी टेकडी चढावी लागते."