एरंडेलाकडून पेट्रोलकडे

लुना आठवते का तुम्हाला? पंपावर गाडी उभी केली की पंपवाला आधी विचारायचा, "ऑइल किती टाकू?" टू-स्ट्रोक इंजिनाला वंगणाची वेगळी टाकी नाही. पेट्रोलमध्ये मिसळलेले ऑइल आत जाणार, जाता जाता बेअरिंगना तेल पाजणार आणि शेवटी धूर होऊन बाहेर पडणार. ज्यांना हे आठवते त्यांना या लेखातले निम्मे आधीच कळले आहे. बाकीच्यांसाठी जरा सविस्तर सांगते.

हौशी लोक रिमोटवर छोटी विमाने उडवतात. आता त्यातली बहुतेक बॅटरीवर चालतात, पण अनेक दशके त्यांच्या नाकात एक चिमुकले टू-स्ट्रोक इंजिन असायचे. त्याला ग्लो इंजिन म्हणतात. त्याचे इंधन म्हणजे मेथॅनॉल, त्यात साधारण पाचवा हिस्सा तेल आणि ताकदीसाठी थोडे नायट्रोमिथेन. तेल कुठले? तर आपले एरंडेल! लहानपणी ज्याच्या वासाने आपण पलंगाखाली लपायचो, तेच. चांगली कृत्रिम तेले नंतर आली, पण जुन्या मंडळींना मैदानावर तो वास आला नाही तर विमान उडाल्यासारखेच वाटत नाही.

माझे बाबा त्या मंडळींपैकी. कॉलेजात एनसीसीच्या एअर विंगमध्ये मॉडेल उडवायला शिकले आणि पुढे सांगलीत बँकेत नोकरी करताना रविवार त्यातच घालवले. त्यांच्याकडे ओसाकाच्या ओ.एस. कंपनीचे दहा सीसीचे एक इंजिन आहे. ते १९८६ साली त्यांच्या मावसभावाने दुबईहून आणून दिले होते. तीन वर्षांपूर्वी मी पोस्टडॉकसाठी अबू धाबीला आले. पहिल्या सुट्टीनंतर परत निघताना बाबांनी ते इंजिन माझ्या हातात ठेवले. "इथे पडूनच आहे. तिथे तरी चालव," म्हणाले. मी ते पूर्ण उघडून, धुऊन, वाळवून आणले, कारण इंधनाचा वास येणारे इंजिन विमानाच्या सामानात चालत नाही. इंजिन आले. इंधन मात्र आणता येणार नव्हते.

सांगलीत ते पडून का होते, तेही सांगायला हवे. मेथॅनॉल हे विष आहे. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत गावठी दारूतून ते पोटात गेले आणि शंभराहून अधिक माणसे मेली. अशा पदार्थाच्या विक्रीवर कडक नजर हवीच, त्याबद्दल तक्रार नाही. नायट्रोमिथेनचे दुखणे वेगळे आहे. त्यापासून स्फोटके बनवता येतात, म्हणून युरोपीय संघात २०२१ पासून सामान्य ग्राहकाला १६ टक्क्यांपेक्षा जास्त नायट्रोमिथेन असलेले इंधन परवान्याशिवाय मिळत नाही. आणि ही बाटली प्रवासी विमानाने कुठेच नेता येत नाही. पेट्रोल मात्र अबू धाबीत दर चौकात आहे. मग प्रश्न येतो, की हे इंजिन पेट्रोलवर का चालवू नये?

उत्तर असे, की मेथॅनॉल नुसते जळत नाही. ते गुपचूप आणखी तीन कामे करत असते. पेट्रोल त्यातले एकही नीट करत नाही.

पहिले काम ठिणगीचे. ग्लो प्लगमध्ये प्लॅटिनमच्या मिश्रधातूची बारीक गुंडाळी असते. सुरू करताना तिला दीड व्होल्टच्या सेलने तापवायचे, मग सेल काढून घ्यायचा. त्यानंतर ती स्वतःच लाल राहते, कारण मेथॅनॉलची वाफ प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर ऑक्सिजनशी संयोग पावते आणि त्या उष्णतेवर पुढचा स्फोट होतो. उत्प्रेरक हेच माझे पोटापाण्याचे काम. दिवसभर मी प्रयोगशाळेत असल्याच पृष्ठभागांशी झटापट करते, त्यामुळे बाबांच्या कपाटात तीस वर्षे एक उत्प्रेरक पडून होता याची मला फार गंमत वाटली. पेट्रोलची प्लॅटिनमशी अशी गट्टी जमत नाही. ग्लो प्लगवर पेट्रोल चालवणारी खास इंजिने ओ.एस.नेच बनवली, पण त्यांचा प्लग आणि कार्बुरेटर वेगळा. जुन्या इंजिनाला खरी ठिणगी द्यावी लागते. म्हणजे छोटा स्पार्क प्लग, सीडीआयचा डबा, त्याची बॅटरी, पंख्यामागच्या चकतीत एक चुंबक आणि चुंबक समोरून गेला की खूण देणारा हॉल सेन्सर. पिस्टन वर पोहोचण्याआधी साधारण २८ अंशांवर ठिणगी पडावी असे बसवतात. सुरू करताना सीडीआय ती उशिरा पाडते, नाहीतर पंखा उलटा फिरून बोटे फोडतो.

दुसरे काम थंडाव्याचे. एक किलो मेथॅनॉल जाळायला सुमारे ६.४ किलो हवा लागते, पेट्रोलला १४.७ किलो. म्हणजे तेवढ्याच हवेत पेट्रोल निम्म्याहून कमी जाते. शिवाय वाफ होताना मेथॅनॉल कितीतरी जास्त उष्णता शोषते. दोन्ही धरून हिशेब केला तर आत येणाऱ्या प्रत्येक ग्रॅम हवेमागे मेथॅनॉल पेट्रोलच्या सुमारे सातपट थंडावा देते. माठाला पाझर असतो तसे हे इंजिन आतून पाझरत असते. पेट्रोल घातले की तो पाझर आटतो. म्हणून सिलिंडर हेडखाली जास्तीचा पातळ वॉशर घालून कॉम्प्रेशन उतरवायचे, आणि विमानाच्या नाकातून हवा फक्त पंख्यांवरून नाही तर सिलिंडरच्या मागूनही वाहील अशी वाट करायची.

तिसरे काम वंगणाचे, आणि बरेच जण इथेच फसतात. ग्लो इंधनात २० टक्के तेल. पेट्रोलमध्ये विसास एक, म्हणजे ५ टक्के. वरवर पाहता तेल चौथाईवर आले. पण इंधनही निम्म्याहून कमी जाते आहे ना! म्हणजे बेअरिंगपर्यंत पोहोचणारे तेल जवळजवळ दहाव्या हिश्शावर आले. मुळात पेट्रोलसाठी बनवलेल्या इंजिनांच्या कनेक्टिंग रॉडमध्ये सुईसारखे रोलर असतात, त्यांना एवढे पुरते. ग्लो इंजिनात तिथे साधे ब्राँझचे बुश असते. त्याला जास्त तेल द्यायचे, पंधरास एक, आणि थोडा धूर सहन करायचा. बाबांचे इंजिन रिंगच्या पिस्टनचे निघाले हे नशीब. बिनरिंगचा पिस्टन ठरावीक तापमानालाच सिलिंडरमध्ये नेमका बसतो, त्यामुळे तो जास्त नखरे करतो.

बाकी गोष्टी किरकोळ, पण टाळता न येणाऱ्या. कमी इंधन नेमके मोजणारी बारीक सुई असलेला कार्बुरेटर हवा. सिलिकॉनची नळी पेट्रोलमध्ये फुगते, म्हणून पेट्रोलला टिकणारी पिवळी नळी आणि टाकीला तसेच बूच लागते. भारतात करणार असाल तर पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते हे धरून सुई लावा.

हे सगळे वाचून समजत होते. अडचण वेगळीच होती. सेन्सर आणि चुंबकासाठी इंजिनाला भोके पाडावी लागतात, हेड घासावे लागते. माझा करार वर्षावर्षाने वाढतो. तो वाढला नाही तर सगळा संसार तीस किलोत बसवून परत जायचे. तेव्हा बाबांच्या हातात काय देणार? इथले पेट्रोल प्यायलेले, भोके पाडलेले आणि तिथे कशावरच न चालणारे इंजिन?

उत्तर मला शारजात मिळाले. तिथल्या औद्योगिक भागात एक गॅरेज आहे. खेडचे एक बुजुर्ग तिथे लेथवर असतात, सगळे त्यांना मामू म्हणतात. त्यांनी इंजिन हातात फिरवून पाहिले आणि म्हणाले, "बाय, मूळ धातूला ब्लेड लावायचं नाही. जे करशील ते उद्या काढता आलं पाहिजे." मग तसेच केले. ग्लो प्लगच्याच आट्यात बसणारा छोटा स्पार्क प्लग मिळतो, तो लावला. पंख्यामागची चकती मामूंनी नवीन बनवली आणि चुंबक तिच्यात बसवला. सेन्सर क्लॅम्पच्या कड्यावर घेतला. हेड घासण्याऐवजी वॉशर. जुना कार्बुरेटर, जुनी चकती, जुना प्लग एका डब्यात घालून वर तारीख लिहिली. एका दुपारीत सगळे पूर्ववत करता येईल.

नोव्हेंबरच्या एका संध्याकाळी गॅरेजमागे स्टँडवर ते सुरू केले. इथे व्हॉट्सअ‍ॅपवर कॉल लागत नाही, म्हणून आवाज टिपून बाबांना पाठवला. मग बोटिमवर त्यांचा फोन आला. "आयडल छान आहे," म्हणाले. "पण हे आपलं इंजिन वाटत नाही गं. आवाज जाड झालाय." थोडे थांबून विचारले, "वास?" मी सांगितले, पेट्रोलचा. "हं," म्हणाले. त्या 'हं'चे काय करायचे ते मला अजून कळलेले नाही.

उडवण्याचे म्हणाल, तर जानेवारी २०२२ मध्ये अमिरातीच्या गृहमंत्रालयाने ड्रोन आणि हलक्या क्रीडाविमानांची हौशी उड्डाणे थांबवली होती. व्यक्तींसाठी ती जानेवारी २०२५ पासून टप्प्याटप्प्याने, नोंदणीच्या अटीवर पुन्हा खुली झाली. तेव्हा आधी नोंदणी, मग ठरलेली जागा, मगच पंखा. फ्लॅटच्या बाल्कनीत तर स्टँडवरसुद्धा नको. पेट्रोलची वाफ मेथॅनॉलपेक्षा लवकर पेटते आणि इथल्या उन्हाळ्यात बंद खोली म्हणजे भट्टी. शिवाय ४५ अंशांना हवाच सुमारे नऊ टक्के विरळ असते, म्हणजे जुलैत ताकदही कमी. हे काम नोव्हेंबर ते मार्चमधलेच.

तुमच्या कपाटात असे एखादे इंजिन असेल तर करावे का? दहा सीसीहून लहान असेल तर नको. एवढे थोडे पेट्रोल मोजणारा कार्बुरेटर सहज सापडत नाही. बिनरिंगचे असेल तर दोनदा विचार करा. मोठे आणि रिंगचे असेल तर जरूर करा, एकच टाकी दुपटीहून जास्त वेळ पुरते. फक्त मामूंचा नियम पाळा. आणि काढलेल्या भागांच्या डब्यात एरंडेलाचे दोन थेंब टाकून ठेवा. गंज लागत नाही.