काकांचा अर्ज

माधवनगर-सांगली रस्त्यावर एक टेम्पो माझ्या गाडीला घासला आणि पुढे सायकलवर चाललेल्या आमच्या शेजारच्या काकांना उडवून पसार झाला. नंबर कुणीच पाहिला नाही. गाडीचं काम सोपं होतं. विमा फुल्ल होता. पोलिसांत नोंद, सर्व्हेअर, फोटो, की झालं. फक्त नो क्लेम बोनस गेला. पण काकांचा पाय मोडलेला. त्यांनी कुणाकडे मागायचं? ठोकणाराच सापडत नाही!

बहुतेक लोक इथेच गप्प बसतात. पण सोय आहे हो! मोटार वाहन कायदा १९८८, कलम १६१. गंभीर जखमीला पूर्वी साडेबारा हजार मिळत, १ एप्रिल २०२२ पासून ५० हजार. मृत्यू झाल्यास २५ हजारांचे २ लाख झाले. अर्ज विमा कंपनीकडे नाही, महसूल खात्याच्या चौकशी अधिकाऱ्याकडे, म्हणजे प्रांत किंवा तहसीलदारांकडे करायचा. महिनाभरात वाहनाचा पत्ता लागला नाही तर पोलिसांनी ही योजना जखमींना लेखी कळवावी, असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२४ मध्ये बजावलंय.

अर्ज भरताना काका म्हणाले, "भीक मागितल्यासारखं वाटतंय रे."

म्हटलं, "भीक कसली काका? तुम्ही, मी, सगळे गाडीचा थर्ड पार्टी हप्ता भरतो ना? त्यातूनच विमा कंपन्या या निधीत पैसे घालतात. तुमची लुना आहे की, वीस वर्षं तुम्हीही भरताय."

काकांनी मग सही केली.