विलायतेला गेलेली विळी

परदेशी जाऊन आलेल्या माणसाच्या घरी फोटो बघायला जाणं हा आमच्या मुलुंडात लग्नमुंजीइतकाच महत्त्वाचा विधी आहे. पूर्वी अल्बम असत, मग स्लाइड्स आल्या, आता टीव्हीवरच फोटो दिसतात. पण यजमानांनी 'हा आयफेल टॉवर' म्हणायचं आणि पाहुण्यांनी चिवडा चावत 'अय्या, केवढा!' म्हणायचं, हा संवाद काही बदललेला नाही.

आमच्या पुतणीनं मात्र ही परंपरा मोडली. ती डिझाइन शिकते. डिझाइन म्हणजे काय, हे सोसायटीत कुणालाच नीट ठाऊक नाही. 'इंजिनियरिंगला नंबर लागला नाही वाटतं?' असं खालच्या मजल्यावरचे आजोबा हळहळून विचारतात. तिच्या वर्गाची अभ्याससहल पॅरिस आणि जर्मनीतल्या उल्म गावी निघाली. तिथं मुलांच्या कामाचं प्रदर्शनही होतं. दादानं मुदत ठेव मोडली. वहिनीची भीती खर्चाची नव्हती. 'सगळ्यांची मुलं तिकडेच राहतात,' हे ती लाडू वळता वळता दहादा म्हणाली.

आणि प्रदर्शनात मांडायला पोरीनं काय न्यावं? विळी! गुडघे गेल्यापासून वहिनीला खाली बसता येत नाही आणि सुरी काही तिच्या हातात बसत नाही. म्हणून पुतणीनं ओट्याच्या कडेला घट्ट बसणारी, उभ्यानं चिरायची, मिटती विळी केली होती.

'एवढ्या लांब जाऊन विळी दाखवणार? लोक काय म्हणतील!' वहिनी म्हणाली.

सहलीहून आल्यावर अख्खा मजला फोटो बघायला जमला. पहिला फोटो एका बाकाचा.

'आयफेल टॉवर कुठाय?' आजोबांनी विचारलं.

'या बाकावरून मस्त दिसतो, आजोबा!'

१८८९ सालचा, तीनशे मीटरहून उंच मनोरा, आणि पोरीनं फोटो काढला समोरच्या बाकाचा! पुढे कचऱ्याचा डबा आला, दाराची कडी आली. उल्मच्या चर्चच्या ७६८ पायऱ्या ती चढली, पण फोटो कठड्याचा. मग एक स्टूल आलं : तीन फळ्या आणि एक दांडा.

'अगं बाई, हा तर पाट उभा केलाय!' इति वहिनी.

तो 'पाट' १९५४ साली माक्स बिल आणि हान्स गुगेलोट यांनी उल्मच्या डिझाइन विद्यालयासाठी केलेला. मुलं त्यावर बसायची, पुस्तकं मांडायची आणि दांडा धरून तो दुसऱ्या वर्गात न्यायची. ते विद्यालय १९६८ साली बंद पडलं. पण साठच्या दशकात आपले सुधाकर नाडकर्णी तिथं शिकले. पवईच्या आयआयटीतलं डिझाइन केंद्र घडवणाऱ्यांत ज्यांचं नाव आघाडीवर घेतात, ते हेच. जर्मनीत पदविकेसाठी त्यांनी विषय कोणता घ्यावा? दूधविक्रीचं केंद्र! ज्या दुधाच्या रांगेत आम्ही पहाटे कार्ड आणि बाटल्या घेऊन पेंगत उभे असायचो, त्या दुधासाठी कुणी जर्मनीत बसून डोकं चालवतंय, हे तेव्हा कळलं असतं तर आम्ही जरा ताठ उभे राहिलो असतो!

'आणि विळीचं काय झालं?' वहिनीनं हळूच विचारलं.

एका जर्मन आजीबाईंनी मूळची विळी कशी वापरतात ते विचारलं. पुतणीनं चकचकीत फरशीवर बसकण मारली, बरोबर नेलेली साधी विळी पायाखाली दाबली आणि काकडी चिरून दाखवली. ही गर्दी! आजीबाईंनी आपल्या गुडघ्यांना हात लावून मान हलवली, मग उभ्यानं मिटत्या विळीवर दुसरी काकडी चिरली आणि कितीतरी वेळ पुतणीचा हात सोडला नाही.

'म्हणजे तिकडेही गुडघे दुखतात?' वहिनीनं विचारलं, आणि डोळ्याला पदर लावला.

दुसऱ्याच दिवशी विळी ओट्यावर बसली. वहिनीनं भेंडी चिरली आणि म्हणाली, 'कळ जरा घट्ट आहे हं.' पुतणीनं लगेच वही काढली. कळ सैल झाली, तेव्हा पात्याचा उतार चुकीचा निघाला. तो बदलला, तर मूठ गुळगुळीत वाटू लागली.

विळी आता झकास चालते, हे सगळ्या घराला माहीत आहे. पण विळी पुरी होईपर्यंत पोरगी कुठे जात नाही, हे वहिनीच्या ध्यानात आल्यापासून दर रविवारी तिला त्या विळीत एक नवी खोट सापडते.