चाकाची धाव

बैलगाडीच्या लाकडी चाकावर जी लोखंडी पट्टी चढवलेली असते, तिला मराठीत ‘धाव’ म्हणतात. सुतार चाक घडवी आणि लोहार धाव तापवी. लालबुंद झालेले ते कडे चाकावर बसवून वर पाणी ओतले, की लोखंड आकसे आणि तुंबा, आरे व पाटे यांना एकत्र आवळून धरी. मोटेच्या विहिरीवर बैल ज्या उतरत्या वाटेने जात, तिलाही आपण धावच म्हणत आलो. इंग्रजीतील ‘टायर’ हा शब्द मात्र ‘अटायर’, म्हणजे पेहराव, या शब्दाचे आखूड रूप मानला जातो. एकाच वस्तूकडे पाहताना एका भाषेला अंगावरचे वस्त्र दिसले आणि दुसरीला गती जाणवली. भाषाविज्ञानाच्या वर्गात शब्द आणि वस्तू यांचे नाते समजावताना ही जोडी मला नेहमी उपयोगी पडते.

या जोडीचा अर्थ घरातल्या एका प्रश्नाच्या निमित्ताने मला अधिक जवळून पाहावा लागला. २०२३ च्या उन्हाळ्यात मी इंग्लंडमध्ये धाकट्या भावाकडे राहत होते. त्याच्याजवळ १९९७ सालची माझदा एमएक्स-५ आहे. दोनच आसनांची, छत मागे दुमडता येणारी, मागच्या चाकांना गती देणारी ही लहानशी स्पोर्ट्स कार. वजन एक टनाच्या आसपास. वयाच्या पन्नाशीत त्याने ती हौसेने घेतली. वर्षातून थोडीच चालवतो, एरवी ती झाकून ठेवलेली असते. त्या उन्हाळ्यात माझ्या भाच्याने नव्या परवान्याच्या उत्साहात ती गाडी मित्रासह वेल्सच्या डोंगरांत नेण्याची परवानगी मागितली. वळणांचे रस्ते आणि तिकडचा पाऊस लक्षात घेता टायर बदलावेत का, यावरून घरात चर्चा सुरू झाली.

भावाचे म्हणणे असे, की टायर उत्तम आहेत. तेथील कायद्याप्रमाणे टायरच्या रुंदीच्या मधल्या तीन-चतुर्थांश भागात, संपूर्ण परिघावर, खाचांची खोली किमान १.६ मिलिमीटर असावी लागते. त्याच्या टायरांच्या खाचा पाच मिलिमीटरपेक्षा खोल होत्या. वार्षिक तपासणीतही गाडी उत्तीर्ण झालेली. “ताई, चालणारी वस्तू टाकून द्यायची नाही, हे आपल्याला आईनेच शिकवलं ना?” असे तो मला म्हणाला. या युक्तिवादाला माझ्याजवळ सहजासहजी उत्तर नव्हते, कारण आम्ही दोघेही त्याच काटकसरीत वाढलो.

टायरच्या बाजूवर उठावदार अक्षरांत बराच मजकूर असतो. बहुतेक लोक तो वाचत नाहीत. मी मात्र सवयीने गाडीशेजारी बसून तो वाचू लागले. ‘१८५/६० आर १४ ८२ एच’ ही ओळ म्हणजे अत्यंत काटेकोर रचनेचे वाक्य आहे. १८५ ही मिलिमीटरमधील रुंदी. ६० म्हणजे बाजूची उंची त्या रुंदीच्या ६० टक्के, अर्थात १११ मिलिमीटर. ‘आर’ हे अक्षर आतील धाग्यांची त्रिज्यीय बांधणी सांगते. १४ हा रिमचा इंचांतील व्यास. ८२ हा भारांक, म्हणजे एका टायरने ४७५ किलोग्रॅम पेलावेत; आणि ‘एच’ ही ताशी २१० किलोमीटरपर्यंतची वेगमर्यादा. प्रत्येक घटकाचे स्थान ठरलेले, आणि स्थान बदलले तर अर्थ नष्ट होतो. व्याकरण याहून वेगळे काय असते?

त्याच टायरवर, थोड्या बाजूला, लहानशा चौकटीत चार अंक होते : १४११. हे अंक म्हणजे निर्मितीचा काळ, २०११ सालचा चौदावा आठवडा. मी ते मोठ्याने वाचले आणि भाऊ गप्प झाला. खाचा नव्यासारख्या, पण रबर बारा वर्षांचे होते. रबर वापरानेच झिजते असे नाही. हवेतील ऑक्सिजन, ओझोन आणि ऊन यांमुळे ते हळूहळू कडक होते. त्याचे रक्षण करणारी मेणासारखी द्रव्ये टायर फिरताना, दबताना पृष्ठभागावर येत राहतात. उभ्या गाडीला तेवढेही संरक्षण मिळत नाही. बोटाने बाजू किंचित दाबली तेव्हा बारीक भेगांचे जाळे दिसले. अनेक उत्पादक सांगतात, की पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्यावेत आणि दहा वर्षांनंतर ते बदलावेत. साध्या मोटारीच्या बाबतीत तेथील कायदा खाचांची खोली मोजतो, वय मोजत नाही. कायद्याला पुरेसे असलेले पुत्राला पुरेसे आहे का, हा निर्णय मात्र बापालाच घ्यायचा होता.

निर्णय झाला, निवड राहिली. भाच्याला १५ इंची रिमवर ‘१९५/५०’ मापाचे टायर हवे होते. “आत्या, गाडी किती रुबाबदार दिसेल बघ!” तो म्हणाला. हिशेब केला तर त्याची सूचना पोरकट नव्हती. मूळ टायरचा एकूण व्यास सुमारे ५७८ मिलिमीटर, तर नव्या मापाचा ५७६. म्हणजे वेगदर्शक काट्यात फारसा फरक पडला नसता. परंतु बाजूची उंची १११ वरून साडेसत्त्याण्णव मिलिमीटरवर आली असती. उंच बाजू खड्डे पचवते आणि पकड सुटण्याआधी चालकाला तशी जाणीव करून देते. नवशिक्याला ही पूर्वसूचना रुबाबापेक्षा मोलाची. शिवाय चारही रिम नवे घ्यावे लागले असते. शेवटी मूळ माप कायम राहिले आणि त्या मापात, ओल्या रस्त्यावरील पकडीची श्रेणी पाहून, चारही टायर एकाच जातीचे निवडले गेले. शर्यतीच्या धाटणीचे, कमी खाचांचे टायर कोरड्या रस्त्यावर घट्ट धरतात, पण साचलेले पाणी बाजूला सारायला खाचाच लागतात.

टायर बसवणारा कारागीर मितभाषी होता. यंत्राने त्याने जुन्या टायरची कड रिमपासून सोडवली, रिमचा बसण्याचा भाग घासून स्वच्छ केला आणि जुने रबरी व्हॉल्व्ह न विचारता बदलले. नव्या टायरवर ‘बाहेरील बाजू’ असे छापलेले होते. ती बाजू बाहेरच येईल हे त्याने प्रत्येक चाकावर पाहिले. हवा भरताना कड रिमवर चढल्याचा ‘टप्’ असा आवाज दोनदा आला. मग चाक फिरवून, छोटी वजने लावून त्याने तोल साधला. नट समोरासमोरच्या क्रमाने आवळले आणि गाडी जमिनीवर आल्यावर टॉर्कच्या पान्याने ठरलेल्या मापापर्यंत नेले. दाब २६ पौंड ठेवला. निघताना त्याने भाच्याला दोनच गोष्टी सांगितल्या : नवे टायर साच्यातून निघालेले असतात, त्यांचा पृष्ठभाग निसरडा असतो, म्हणून पहिले शंभरेक मैल जपून चालव, आणि त्यानंतर नट पुन्हा तपासून घे.

डिकीत तात्पुरत्या वापराचे अरुंद चाक होते. त्यावर तीनच अंक होते. २००० सालापूर्वी वर्षासाठी एकच अंक वापरत. दशक कोणते, ते त्या अंकावरून कळत नसे, संदर्भावरून ताडावे लागे. संदिग्धता धोक्याची ठरू लागली तेव्हा या चिन्हव्यवस्थेने स्वतःत एका अंकाची भर घातली. भाषा गरजेनुसार बदलते असे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. येथे तो बदल रबरावर कोरलेला होता. भावाने तेही चाक बदलायला सांगितले.

प्रत्येक टायर कोणत्याही क्षणी जमिनीला सुमारे तळहाताएवढ्याच जागेत टेकतो. म्हणजे माणूस, यंत्र, वेग आणि वळण हा सारा भार चार तळहातांवर असतो. हवेचा टायर व्यवहारात आणला तो जॉन बॉइड डनलॉप या बेलफास्टमधील पशुवैद्याने. त्याचे पेटंट १८८८ सालचे. त्याने तो प्रथम बनवला आपल्या लहान मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी. मुलाला खडबडीत रस्त्यावर हादरे बसू नयेत, एवढाच त्याचा हेतू होता. भावाला मी हे सांगितले तेव्हा तो काही बोलला नाही. दुकानाचे बिल त्याने घडी करून गाडीच्या कागदपत्रांत ठेवले आणि किल्ली मुलाच्या हातात दिली.